दगडाखालची डबी

"मिश्री किती वर्षांपासून लावता?" डॉक्टर मॅडमनी विचारलं. माझं तोंड उघडं, आत छोटा आरसा, वरून दिव्याचा झोत. तशा अवस्थेतही मी मान हलवून 'नाही' म्हणाले.

आरसा बाहेर काढून मॅडमनी माझ्या उजव्या हाताचं पहिलं बोट धरलं आणि दिव्याखाली वळवलं. नखाच्या कडेला काळी रेघ होती. पहाटे सांगलीला निघण्याआधी लावलेली.

"खालच्या ओठाच्या आत, डाव्या बाजूला पांढरा चट्टा आहे," त्या म्हणाल्या. "पुसून जात नाही. याला ल्युकोप्लाकिया म्हणतात."

ल्युकोप्लाकिया म्हणजे तंबाखू सतत एकाच जागी लागून तोंडातली कातडी जाड आणि पांढरी होणं. तो कॅन्सर नसतो, पण काहींचा पुढे होतो. कुणाचा होणार, हे वरून बघून सांगता येत नाही. हे सगळं मॅडमनी शांतपणे सांगितलं. मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं.

हे मी माझ्यासारख्या बायांसाठी लिहिते आहे. दारू पिणाऱ्याला घरातले शिव्या तरी देतात. मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली पूड, पण तिला आमच्याकडे कुणी व्यसन म्हणतच नाही. 'दात घासतीया' म्हणतात.

मी अंगणवाडी सेविका. वडूजपासून आत, खटाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात राहते. अंगणवाडीच्या भिंतीवर 'गरोदर मातांनी तंबाखू, मिश्री टाळावी' असा तक्ता आहे. अक्षर माझंच. तो तक्ता चिकटवला त्या दिवशीही कमरेला डबी होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. सातारा जवळ असताना मी सांगली गाठली तीही हे उघडं पडेल या भीतीने. साताऱ्याच्या दवाखान्यात आमच्या खात्यातलं कुणी ना कुणी भेटतंच. विट्याला गाडी बदलून जाणं मला सोपं वाटलं.

त्रासाची सुरुवात चार महिने आधी झाली होती. ठेचा खाल्ला की ओठाच्या आत आग व्हायची. उष्णता झाली म्हणून मी सब्जा प्याले, ताकात जिरं घातलं. आणि आग थांबावी म्हणून त्याच जागी जास्त मिश्री दाबून धरली. मिश्रीने जागा बधिर होते, म्हणजे औषध लागू पडलं, असा माझा हिशेब. आमच्याकडे दाढ दुखली, हिरडी सुजली, पोट साफ होईना, सगळ्याला एकच औषध. आगीवर तेल ओतत होते आणि गुण येतोय म्हणत होते.

माझ्याबरोबर सून राणी आली होती. मुलगा फौजेत आहे, वर्षातून एकदा घरी येतो. घरात आम्ही दोघी आणि आमचे हे. राणीही मिश्री लावते. नवी नवरी होती तेव्हा तिची दाढ ठणकत होती. रडत बसलेल्या पोरीच्या बोटावर पहिली चिमूट मीच ठेवली. "लाव, बरं वाटंल," म्हणाले होते. तिला बरं वाटलं आणि मग ती रोजच बरं वाटून घेऊ लागली.

पुढच्या फेरीत बायोप्सी झाली. बायोप्सी म्हणजे चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवणं. जागा बधिर करतात, कापताना कळत नाही. दोन टाके पडले. खरं दुखणं रिपोर्ट येईपर्यंतच्या आठ दिवसांत. मी भांडी घासली, पुन्हा घासली. धान्य निवडलं, निवडलेलं पुन्हा निवडलं. अंगणवाडीत खिचडी ढवळता ढवळता मध्येच बाहेर येऊन उभी राहायची आणि कशाला आले ते आठवायचं नाही. आरशासमोर ओठ उलटा करून चट्टा वाढला का बघायचे. दिवसातून वीस वेळा तरी.

आणि हो, टाक्याच्या बाजूने मिश्री चालूच होती. लाज वाटते, पण लिहिते.

रिपोर्टमध्ये 'माइल्ड डिस्प्लेजिया' आलं. म्हणजे पेशी बिघडायला लागल्या आहेत, पण अजून थोड्याच. मॅडम म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण त्या वाटेवर पाऊल पडलंय. आत्ता मिश्री पूर्ण बंद केली तर चट्टा मागे फिरू शकतो. तीन महिने देते. नाही फिरला तर कापून काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागेल असं मी सांगू शकत नाही."

त्याच मजल्यावर तंबाखू सोडवायची वेगळी खोली होती. तिथली समुपदेशक मुलगी राणीपेक्षाही लहान. तिने गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावलं. मग विचारलं, "सकाळची मिश्री कुठे बसून लावता?"

"मागच्या दाराच्या पायरीवर."

"एकट्याच?"

मी आणि राणी, कधी शेजारची जाऊ. उन्हं येईपर्यंत गप्पा मारत. तेवढाच वेळ दिवसभरात आमचा. एकदा उठलं की चूल, गुरं, रान, अंगणवाडी.

"मग नुसती मिश्री सोडून चालणार नाही, ती पायरीही सोडा," मुलगी म्हणाली. "त्या वेळेला घराबाहेर पडा. निसर्गात जाऊन बसा. झाडं, पक्षी बघा. तलफ लाटेसारखी येते, पाच-दहा मिनिटं राहते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत मन दुसरीकडे हवं."

मला हसू फुटलं. "बाळा, माझा जन्म रानात गेला. निसर्गच निसर्ग हाय की आमच्याकडं!"

"रानात जाताना हातात काय असतं?"

"खुरपं. न्हाईतर विळा."

"आता रिकाम्या हातानं जा," ती म्हणाली.

परतीच्या गाडीत, विटा गेल्यावर राणी म्हणाली, "आत्या, तुमी सोडत आसाल तर मी बी सोडते. दोघी मिळून सोडू." घरी आल्याबरोबर तिने साठ्यातली मिश्री चुलीत ओतली. तंबाखू भाजायचा तवा राखेने घासून उन्हात पालथा घातला. मिश्री जळताना सगळं घर शिंकत होतं आणि आमचे हे अंगणातून ओरडत होते, "काय पेटवलंय गं घरात?"

पहिले दिवस फार वाईट गेले. डोकं ठणकायचं, पोट साफ व्हायचं नाही, सगळ्यांचा राग यायचा. अंगणवाडीत एका पोराने पाट सरकवला म्हणून मी पळी आपटली. पोरं गप्प झाली आणि मीच रडायला लागले. ही विड्रॉअलची लक्षणं आहेत, म्हणजे शरीराची सवय तुटताना होणारी ओढाताण, असं त्या समुपदेशक मुलीने सांगून ठेवलं होतं. सांगून ठेवल्याने राग कमी होत नाही, एवढंच मला कळलं.

सकाळी उठून माळावर जायचे. आमच्या गावामागे नुसता माळ. खुरटं गवत, तरवडाची झुडपं, दोन-चार हिवराची झाडं, लांब डोंगरावर पवनचक्क्या. बघण्यासारखं काय आहे इथे, असं वाटायचं. बसलं की उठावंसं वाटायचं, उठलं की हात कुठे ठेवावेत कळायचं नाही. सवयीने गवत उपटत सुटायचे. वाटेवर कुणी भेटलं की हमखास प्रश्न यायचा, "बाई, शेळी चुकली काय?" बाई माणूस रिकाम्या हाताने माळावर, म्हणजे काहीतरी हरवलंच असणार. हरवलं होतंच, पण काय, ते सांगता येत नव्हतं.

अकरा दिवस कसेबसे काढले. बाराव्या दिवशी वडूजच्या बाजारात गेले. तिथल्या गर्दीत कोण बघतं? मिश्रीची डबी घेतली. घरी ठेवली असती तर राणीला वास लागला असता. म्हणून माळावर, हिवराच्या झाडापासून थोड्या अंतरावर एक चपटा दगड होता, त्याच्याखाली ठेवली.

आता माळावर जायला मला उठवायला लागायचं नाही. तांबडं फुटायच्या आत मी चपला घालून तयार. आमचे हे कौतुकाने म्हणाले, "डॉक्टरणीचा गुण आला म्हनायचा!" मी दगड उचलायचे, चिमूट लावायचे, सूर्य वर येईपर्यंत बसायचे, ओढ्यातल्या डबक्यात चूळ भरून घरी यायचे. निसर्गाचा सहवास म्हणतात तो हा असा.

महिन्याने सांगलीला गेले. बाहेरच्या बाकावर ताटकळताना पाय एकसारखा हलत होता. राणीने गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. मॅडमनी पट्टीने चट्टा मोजला, जुना आकडा बघितला, पुन्हा मोजला.

"कमी नाही झालेला. किंचित वाढलाय," त्या म्हणाल्या. "बाई, खरं सांगा, पूर्ण बंद आहे ना?"

राणी शेजारी उभी होती. मी म्हणाले, "पूर्ण बंद."

"मग काळजीचं आहे. मिश्री बंद असूनही वाढत असेल तर मला थांबता येणार नाही. पुढच्या वेळी असाच दिसला तर कापायचं."

खोटं बोलल्याने माझं ऑपरेशन जवळ आलं होतं. येताना गाडीत ठरवलं, उद्या डबी फेकायची. दुसऱ्या दिवशी माळावर गेले आणि म्हटलं, शेवटची एक लावते, मग फेकते. असे तीन-चार 'शेवटचे' दिवस गेले.

पाचव्या दिवशी मी दगडाकडे निघाले तर समोरून टिटवी ओरडत उठली. तिच्यामागे दुसरी. दोघी माझ्या डोक्यावर घिरट्या घालायला लागल्या. एक तर पदराला पंख लागेल इतकी खाली आली. टिटवी ओरडली की घरात वाईट घडतं असं आमच्याकडे मानतात. ओठाला हात गेला. तरी दगड दहा पावलांवर होता, मी पुढे सरकले.

"बाई! आवं, थांबा! फुडं जाऊ नगासा!"

वस्तीवरचे तात्या मेंढरं घेऊन येत होते. म्हातारा माणूस, सगळी हयात मेंढरांमागे गेलेली. काठीने त्यांनी दाखवलं. दगडाच्या अलीकडे, माझ्यापासून दोन हातांवर, उघड्या जमिनीत चार अंडी. मातीच्याच रंगाची, इतके दिवस माझ्या नजरेलाही न पडलेली. मी जवळजवळ पाय देणारच होते.

"मी लांबनं जाते की," मी म्हणाले.

"तुमी जाशीला. पर त्यो बगा." हिवराच्या शेंड्यावर कावळा बसला होता. "माणूस कुटं जातंय आन टिटवी कुटं वरडतीया, ह्येच्यावर त्येचं ध्यान. तुमी हिकडं फिरलासा की त्येला जागा घावली. मग एक बी अंडं ऱ्हात न्हाई." थोडं थांबून विचारलं, "तुमचं काय काम हाय तिकडं?"

काय सांगणार? "काही नाही," म्हणाले आणि लांब एका बांधावर जाऊन बसले.

दुसरी डबी घेता आली नसती का, असं तुम्ही विचाराल. आली असती. बाजार होता, जावेची डबी होती. एका बारशात बायकांनी डबी फिरवली तेव्हा मी बोट बुडवलंही, ते लपवत नाही. पण सकाळची ती वेळ, जिच्यावर बाकीचा दिवस उभा असायचा, ती टिटवीने अडवली होती. आणि खरं सांगायचं तर मी हट्टाला पेटले. आधी डबीसाठी बघायचे, की पक्षी कधी हलतो आणि दगड मोकळा होतो. मग बघता बघता डबी विसरून पक्षीच बघायला लागले.

वैशाखातलं ऊन. आठ वाजता जमीन तापायची. मादी उठून शेततळ्याकडे जायची तेव्हा नर येऊन बसायचा. ती परत यायची ती पोटाची पिसं ओली करून, आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायची. अंडी उन्हात शिजू नयेत म्हणून. दिवसात किती वेळा, मी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. अंगणवाडीत मी पोरांना चिमणी-कावळा शिकवत आले. हे माझ्या गावामागे दरवर्षी चालतं, हे मला माहीत नव्हतं. रानात खुरपं घेऊन वाकलेल्या बाईला जमीन दिसते, जमिनीवर बसलेलं दिसत नाही.

तलफ येत नव्हती असं नाही. यायची तेव्हा हिरड्या खाजायच्या, बोट आपोआप तोंडाकडे जायचं. पण मी उठून येरझारा घातल्या की टिटवी अंड्यांवरून उठून ओरडायची आणि कावळा मान वळवायचा. म्हणून बसून राहावं लागायचं. जन्मात पहिल्यांदा मी काही न करता बसले ते एका पक्ष्याच्या धाकाने. बसलं की लाट यायची आणि जायची. ती पोरगी सांगत होती ते खरंच होतं.

एका सकाळी अंड्यांच्या जागी कवचाचे तुकडे होते. तीन पिल्लं, मातीच्या ढेकळांसारखी. चौथं अंडं तसंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आई पिल्लांना घेऊन तळ्याकडे निघून गेली.

आणि दगड मोकळा झाला.

त्या सकाळी मला अडवायला कुणी नव्हतं. टिटवी नाही, तात्या नाहीत, कावळाही नाही. मी गेले. दगड उचलला. डबीचं झाकण उघडून नाकाजवळ नेलं आणि मला शिंक आली. एक, दोन, पाच शिंका. डोळ्यांतून पाणी. लहानपणी आई तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा आम्ही पोरं अशी शिंकत बाहेर पळायचो. इतक्या वर्षांत डबीच्या वासाने मला एकदाही शिंक आली नव्हती. माझं नाक पुन्हा पोराचं झालं होतं, आणि मला इतका आनंद झाला की मी माळावर एकटीच हसत सुटले.

डबी मी फेकली नाही. झाकण लावून तिथेच ठेवली, वर दगड. फेकली असती तर दुसरी आणायला बाजार होताच. ती कुठे आहे हे माहीत असून घरी परत येणं मला जास्त खात्रीचं वाटलं. हा माझा शहाणपणा, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

तिसऱ्या महिन्याची तपासणी. मॅडमनी मोजलं आणि या वेळी त्या हसल्या. चट्टा निम्म्याहून कमी, कडा पातळ. "ऑपरेशन नको. दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं, आणि हे आयुष्यभर लक्षात ठेवायचं." मी आधीचं खोटंही कबूल केलं. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. एवढा वेळ देऊन त्यांनी मला एकदाही हिणवलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मी आनंदाने राणीकडे वळले तर ती रडत होती.

"काय झालं गं?"

"आत्या, मी सोडली न्हाई." तिने पदर तोंडावर धरला. "एक दिस बी न्हाई. चुलीत घातली त्यातली थोडी कणगीत ठेवली हुती. तुमी माळावर गेला की मला दार मोकळं व्हायचं. त्याच पायरीवर बसायची."

मी जितका वेळ टिटवी बघत होते तितका वेळ ती मी दाखवलेल्या पायरीवर, मी शिकवलेलं करत बसली होती. रागवायचा हक्क मला उरला नव्हता. मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं, दिवा वळवला. माझ्या वेळी वाटली नव्हती एवढी भीती मला वाटली.

"अजून काही नाही," मॅडम म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना सांगितलं, "आजपासून चहा तुम्ही करा."

"आन गुरं?"

"ती पण."

आम्ही दोघी रिकाम्या हाताने बाहेर पडलो. वाटेत एकाने विचारलं, "आज दोघी? किती शेळ्या चुकल्या?" मी म्हणाले, "दोन."

माळावर राणीचं लक्ष लागेना. बसली, उठली, गवत उपटलं, पदर पिळला. "आत्या, हितं करायचं काय?"

"काही नाही."

"काही न्हाई म्हंजी?" चिडून ती जाऊन नेमकी त्या चपट्या दगडावर बसली. दगड डुगडुगला. तिने उठून तो सरळ करायला उचलला आणि तशीच वाकून राहिली.

"ही कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. मग सगळं सांगितलं. बाजार, दगड, मॅडमशी खोटं, कावळा, शिंका. आणि तिच्या बोटावर ठेवलेली पहिली चिमूटही. "तुला मी लावलीया, राणी. माझं चुकलं."

राणीने कमरेची पुडी काढून माझ्या डबीशेजारी ठेवली आणि दोन्ही हातांनी दगड खाली बसवला.

आज राणीचा एकोणिसावा दिवस. कालपासून ती माझ्याशी धड बोलत नाही, भाकरी करपली तर तवा आपटते. मी काही म्हणत नाही, मला माहीत आहे ते. पण आज सकाळी मी उठले तेव्हा ती माझ्याआधी दारात उभी होती, चपला घालून, हात रिकामे. माळावर टिटवी लांब कुठेतरी ओरडत होती. आता तो आवाज मला अशुभ वाटत नाही. आम्ही दगडापाशी गेलो, बघितलं, शेजारी बसलो. उचलला नाही. उद्याचं उद्या.